उतरला पोचिंकीत, घाम फुटला मूर्तिजापुरात

मे महिन्यातली दुपारची एसटी. अमरावतीहून निघालेली, अकोल्याला जाणारी. बडनेरा मागं पडलं तशी खिडकीतून येणारी हवा गरम व्हायला लागली आणि बायकांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतले. माझ्या पुढच्या सीटवर दोन पोट्टे बसलेले. हेडफोन एकच, त्याची एक वायर याच्या कानात, दुसरी त्याच्या. मोबाइल आडवा, अंगठे सुसाट.

"अबे, पोचिंकीत नको उतरू! तिथं लय पब्लिक हाये!"

माझ्या शेजारचे टोपीवाले काका दचकून खिडकीबाहेर बघायला लागले. मग मला हळूच म्हणाले, "हे पोचिंकी कोठी आलं बाप्पा? लोणीच्या अल्याड का पल्याड?"

काकांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पोचिंकी म्हणजे पब्जी या खेळातल्या एरँगेल बेटावरचं एक गाव. लोणीच्या अल्याडही नाही आणि पल्याडही नाही. पण त्या पोट्ट्याच्या कपाळावर घाम होता, गुडघा हलत होता, श्वास वरच्यावर चालला होता आणि मागून कुणी येतंय म्हणून त्यानं खरंच मान वळवून पाहिलं. मागं मी होतो. गाव खोटं आणि दचकणं खरं! पुढचा सगळा प्रवास मी याच गोष्टीचा विचार करत केला. त्यातून जे जे आठवलं ते हे असं, बसच्या धक्क्यांसकट.

बेट केवढं? बडनेरा-अमरावती अंतराएवढंही नाही

एरँगेलचा नकाशा ८ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद. म्हणजे बडनेरा स्टेशनवरून पायी निघालात तर अमरावतीचा राजकमल चौक यायच्या आत बेट संपून तुम्ही समुद्रात! एवढ्याशा जागेत शंभर माणसं विमानातून उड्या मारतात आणि शेवटी एक उरतो. बेटाचं नाव रशियन वाटतं, पण ते खेळाचे कर्ते ब्रेंडन ग्रीन यांनी आपल्या लेकीच्या नावावरून पाडलं. मुलगी एरिन, बेट एरँगेल. आपल्याकडं बाप फार तर घराला किंवा ट्रॅक्टरला लेकीचं नाव देतो.

मोबाइलवरची पब्जी भारतात आली २०१८ मध्ये. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ती गेली. सीमेवर तणाव लडाखमध्ये आणि सुतक कट्ट्याकट्ट्यावर. पुढं जुलै २०२१ मध्ये ती 'बीजीएमआय' या नव्या नावानं आली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाली, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवली. पोट्टे मात्र या काळात तिला पब्जीच म्हणत राहिले. सासरचं नाव कागदावर, माहेरचं तोंडात.

या खेळात जिंकलं की पडद्यावर कोंबडीच्या जेवणाची घोषणा होते. आमच्या ओळखीच्या एका माळकरी घरात ऐन आषाढी एकादशीला नातू माजघरातून ओरडला, "आजी, चिकन डिनर!" आजीनं हातातली साबुदाण्याची परात खाली ठेवली आणि आधी स्वयंपाकघर तपासलं, मग नातवाला.

माता खिडकीतून शिरा, खोलापुरी गेटनं निघा

खेळातली वाट डोक्यात बसते, हे पोरांना आधीपासून ठाऊक आहे. शास्त्रज्ञांनी त्याचा उलटा उपयोग करून घेतला. २०१६ मध्ये 'सी हिरो क्वेस्ट' नावाचा मोबाइल गेम आला. त्यात एक होडी, वळणावळणाचे जलमार्ग आणि नकाशा एकदाच बघायला मिळणार. खेळणाऱ्याला वाटे आपण समुद्रात हिंडतोय. प्रत्यक्षात वाट शोधण्याची माणसाची क्षमता मोजणं चालू होतं, कारण स्मृतिभ्रंशात अनेकदा तीच आधी ढासळते. जगभरातले ४० लाखांहून जास्त लोक हा गेम खेळले.

त्यातल्या सुमारे चार लाख लोकांच्या खेळाचा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. निष्कर्ष ऐकून वऱ्हाडी माणसानं मिशीला पीळ द्यावा: खेड्यात वाढलेली माणसं वाट शोधण्यात सरस, आणि पाटीवर आखल्यासारख्या काटकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेली मागं. लहानपणी पायाखाली जसे रस्ते, तसा मोठेपणी मेंदूतला नकाशा.

आमच्या जुन्या अमरावतीला परकोट आहे. त्याला अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट असे दरवाजे आणि माता खिडकी, छत्रपुरी खिडकी अशा खिडक्या. खिडकी म्हणजे गज लावलेली नव्हे, माणसानं जा-ये करायची लहान वाट. त्या गल्ल्यांत रस्ता सरळ जाईल याची खात्री नाही आणि बोळ संपला म्हणून वाट संपली असंही नाही. तिथं वाढलेल्याला कोणत्याही गेमचा नकाशा म्हणजे हातचा मळ. त्याचाच भाऊ सेक्टर-बिक्टर असलेल्या नवीन शहरात नोकरीला गेला की मोबाइलमधल्या बाईला विचारल्याशिवाय दूधही आणत नाही.

मावशी आणि तिची उसनी लाईफ

अकोल्याच्या माझ्या मावशीला व्हिडिओ गेम म्हणजे पोरं बिघडवणारी वस्तू वाटते. स्वतः ती दहा वर्षं कँडी क्रश खेळतेय, पण तो गेम नव्हे म्हणे, "टाइमपास". सकाळी फोन येतो. तब्येत वगैरे नंतर, आधी, "मले एक लाईफ पाठव ना रे." पाच जीव संपले की थांबावं लागतं ना! एकदा तिच्यासोबत साडीच्या दुकानात गेलो. गादीवर बसलेल्या माणसानं साड्यांचा ढीग मांडला आणि मावशी एकटक बघत राहिली. मला वाटलं काठ बघतेय. बाहेर पडल्यावर म्हणाली, "तीन जांभळ्या एका लायनीत होत्या. चौथी सरकवावी वाटत होती."

हे वेड नाही. याला नाव आहे, टेट्रिस परिणाम. टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी लिहिला. तो तासन् तास खेळणाऱ्यांना डोळे मिटले की ठोकळे पडताना दिसायचे. २००० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी प्रयोग केला. खेळणाऱ्यांत विस्मरणाचे पाच रुग्णही घेतले होते. मेंदूच्या दुखापतीमुळं त्यांना काल आपण कोणता खेळ खेळलो, हेही आठवत नव्हतं. तरी त्यांतल्या तिघांनी झोप लागताना ठोकळे पडताना दिसतात असं सांगितलं. खेळ विसरले, ठोकळे विसरले नाहीत! माणूस विसरला तरी डोकं आपली वही वेगळी ठेवतं म्हणायचं.

याच ठोकळ्यांचा पुढं औषधासारखा वापर झाला. भयंकर प्रसंगानंतर तो पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, तो का? मनात चित्र पक्कं होताना त्याला मोकळी जागा मिळते म्हणून. मग ती जागाच दुसऱ्या चित्रांनी भरून टाकली तर? ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात वाहन अपघातातून आलेल्या ७१ जणांवर हे करून पाहिलं, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. अपघाताला सहा तास व्हायच्या आत निम्म्यांना टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर अपघात येण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ६२ टक्के कमी होतं.

एसटीनं तेवढ्यात एका ट्रकला ओलांडताना असा काही कट मारला की मी मनातल्या मनात टेट्रिसचा लांब ठोकळा शोधायला लागलो.

४५ अंशांत बर्फ

अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे अकोल्याबाहेरच्याला सांगून कळत नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनानं चक्क कलम १४४ लावलं, ३१ मे पर्यंत. जमावबंदी दंगलीत लावतात हे ठाऊक होतं. सूर्यावर लावलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली. सूर्य काही पांगला नाही.

आता उन्हाच्या शंभरपट आग म्हणजे भाजल्याची जखम. रोज पट्टी बदलायची, मेलेली कातडी काढायची. वेदनाशामक देऊनही माणूस तडफडतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' हे आभासी जग बनवलं. डोळ्यांवर यंत्र चढवायचं की सगळीकडं बर्फाची दरी. बर्फाची माणसं, पेंग्विन, आणि तुमच्या हातात बर्फाचे गोळे. मारत सुटायचं. इकडं नर्स पट्टी बदलते, तिकडं रुग्ण पेंग्विनच्या मागं लागलेला.

रुग्ण म्हणाले दुखणं कमी झालं. आता रुग्ण भिडेपोटीही म्हणतो. म्हणून निरोगी माणसांना सोसेल इतका चटका देऊन मेंदूचं चित्र काढलं, तर वेदनेशी जोडलेल्या भागांतली हालचालच मंदावलेली दिसली. कारण अगदी घरगुती आहे. दुखण्यालाही लक्ष लागतं, आणि लक्ष पेंग्विननं पळवलं. आपल्याकडं आजी काटा काढताना "तो पाहाय कावळा" म्हणायची, ते हेच. फक्त कावळ्याची किंमत वाढली.

बहुरूपी, सर्जन वगैरे

बहुरूपी फौजदाराचा वेश घालून दारात आला की त्याचा आवाजच बदलतो. दोन घरं फिरला की तो खरंच दरडावायला लागतो. स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये हेच मोजलं. आभासी जगात काहींना उंच शरीर दिलं, काहींना बुटकं, आणि पैसे वाटून घ्यायचा सौदा करायला लावला. उंच देहवाले जास्त हिस्सा मागू लागले. बुटके पडतं घेऊ लागले, अन्याय्य वाटणीही मुकाट मान्य करू लागले. खुर्चीत बसलेल्या माणसाची खरी उंची काहीही असो! ग्रीक पुराणातल्या रूपं बदलणाऱ्या देवावरून याला प्रोटियस परिणाम म्हणतात. आमच्याकडं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्यावर जे होतं, त्यालाही तेच नाव द्यायला हरकत नाही.

सर्जनचं थोडक्यात सांगतो. २००७ च्याच एका अमेरिकी अभ्यासात ३३ सर्जन होते. त्यांतल्या ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळले होते, त्यांच्या दुर्बिणीतून ऑपरेशन करण्याच्या सरावात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि काम २७ टक्के लवकर झालं. ही माहिती घरातल्या पोरांना कळू देऊ नका. आमच्या भाच्याला कळली आणि दहावीच्या अभ्यासाच्या वेळी तो "मी प्रॅक्टिस करून रायलो" असं म्हणायला लागला.

याच भाच्यानं २०१६ च्या डिसेंबरात, पोकेमॉन गो भारतात आला तेव्हा, थंडीत वडाळी तलावाचे फेरे मारले होते. एरवी कोपऱ्यावरच्या किराण्यात जायला गाडी काढणारा! घरच्यांनी कौतुकानं त्याला जवसाची चटणी लावून भाकर सुरू केली. पण हा उत्साह किती टिकतो हे त्याच महिन्यात एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं जास्त, सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे मूळ पदावर. आमचा भाचा तिसऱ्यातच बसला. भाकर मात्र चालू राहिली.

गंमत म्हणजे त्याची शाळा ज्या गावात, त्याच अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले होते. आणि २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं ई-स्पोर्ट्सला अधिकृतपणे क्रीडा खात्याच्या पंखाखाली घेतलं. लंगोट आणि हेडफोन आता एकाच खात्यात.

साथ आली, बघायला गर्दी झाली

१३ सप्टेंबर २००५. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात हक्कार नावाचा एक नवा राक्षस आला. त्याच्याशी लढताना अंगात रक्तदोष शिरायचा, तो जवळच्याला लागायचा. हे फक्त त्याच्या गुहेपुरतं असायला हवं होतं. पण खेळाडूंचे पाळीव प्राणी तो रोग घेऊन बाहेर पडले, शहरांत शिरले. बाजारातली दुकानदार पात्रं मरत नव्हती, पण रोग वाटत होती. कमजोर खेळाडू रस्त्यावर धडाधड पडू लागले. जवळपास आठवडाभर हा गोंधळ चालला. कंपनीनं वेगळं राहायचं आवाहन केलं, कुणी ऐकलं नाही. शेवटी सर्व्हरच पूर्ववत करावे लागले.

साथरोगतज्ज्ञांचे डोळे यावर चमकले. २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी यावर 'लॅन्सेट'च्या संसर्गरोग नियतकालिकात निबंध लिहिला. त्यांना रोगापेक्षा माणसं महत्त्वाची वाटली. काही जण स्वतः मरत असताना दुसऱ्यांना बरं करत होते, काही गावाबाहेर पळाले, काही मुद्दाम रोग पसरवत हिंडले. आणि काही निव्वळ बघायला आले, काय चाललंय म्हणून. बघितलं, लागण झाली, घरी घेऊन गेले.

ही शेवटची जमात वाचताना मला फेब्रुवारी २०२१ आठवला. महाराष्ट्रात कोरोनाची दुसरी लाट चढायला लागली ती आमच्याकडून. अमरावती, अचलपूर, अकोला ही नावं टीव्हीवर रोज यायला लागली, आणि बाकीचा महाराष्ट्र मोकळा असताना आमच्याकडं पुन्हा टाळेबंदी लागली. पहिल्या संध्याकाळी आमच्या गल्लीतले तिघे गाडीवर बसून निघाले. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाले, "राजकमलले. लॉकडाउन कसा लागला ते पाहून येतो."

हक्कारनं हात जोडले असते.

नाणी खोटी, उधारी खरी

खेळातल्या पैशाचं एक जगप्रसिद्ध प्रकरण आहे, थकबाकीचं. 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ. एका टोळीनं आपल्या ताब्यातल्या तारामंडळाचा हप्ता वेळेवर भरला नाही. मंडळ बेवारस झालं आणि शत्रू तुटून पडले. २७ जानेवारी २०१४ ला सुरू झालेली ही लढाई सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांवर खेळाडू उतरले. जी जहाजं फुटली त्यांची किंमत खऱ्या पैशांत काढली तर ३ लाख डॉलरच्या वर. आपल्याकडं वीजबिल थकलं तर फार तर वायर कापून नेतात.

पण आमच्या भागात पैशाच्या खेळाचं नाव निघालं की तारे नाही, पत्ते आठवतात. ३१ ऑगस्ट २०२३ ला अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू कार्यकर्त्यांसह मुंबईत, वांद्र्याला, सचिन तेंडुलकरांच्या घरासमोर जाऊन बसले. मागणी एकच: भारतरत्नानं ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये, नाहीतर भारतरत्न परत करावं. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. अचलपूर ते वांद्रे, अंतर एका पत्त्याच्या डावाचं.

जुलै २०२५ मध्ये रमीनं थेट विधानभवन गाठलं. विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळताना दिसतात, असा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. पेरण्या होऊन पावसाची वाट बघणाऱ्या वऱ्हाडात हा व्हिडिओ किती जणांनी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नको. ३१ जुलैला त्यांचं खातं बदललं. कृषी गेलं आणि मिळालं ते क्रीडा! वऱ्हाडी माणूस असल्या वेळी स्वतः विनोद करत नाही, नुसता समोर वर्तमानपत्र धरतो.

महिनाभरानं, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेनं कायदाच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम चालू. मावशीनं तातडीनं फोन केला. कँडी क्रशमधली उसनी लाईफ यात धरतात का?

हातमोजे चार, बोंडं हजार

१९९८ मध्ये 'मारिओ पार्टी' नावाचा गेम आला. त्यात काही डावांत कंट्रोलरची दांडी गरागरा फिरवावी लागे. पोरांनी बोटांऐवजी तळवा लावला. तळव्याला फोड आले, कातडी सोलली. प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलापर्यंत गेलं आणि निन्टेंडोनं २००० मध्ये तोड काढली: ज्यांना हवेत त्यांना हातमोजे, एका घराला चारपर्यंत. खर्च ८ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो असा अंदाज होता.

मी हे शेजारच्या काकांना सांगितलं. काका बोरगाव मंजूजवळचे, कोरडवाहू पाच एकर, कापूस आणि तूर. त्यांनी विचारलं, "फिरवून फिरवून फोड आले?" मग स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. "आमच्या घरी बाया येचाले जातात त इतली इतली बोटं चिरते. बोंडाचं टोक सुईवानी राह्यते ना." हातमोज्यांच्या बातमीत त्यांना यापलीकडं रस नव्हता. ते पुढच्या सीटवरच्या मोबाइलकडं बघत होते.

पोचिंकीत तो पोट्टा केव्हाच मेला होता. आता त्याच्या पडद्यावर हिरवंगार शेत आणि त्यात भलंमोठं यंत्र.

"हे काय आहे बे?"

"शेतीचा गेम आहे काका. ट्रॅक्टरचा."

"पेरलं काय?"

"कापूस."

काका सीटवर सरसावून बसले.

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीचा 'फार्मिंग सिम्युलेटर' २००८ पासून चालू आहे. २०१८ च्या आवृत्तीत कापूस आला आणि मग मोबाइलवरच्या आवृत्तीतही. त्याआधी २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला होता. एका टप्प्यावर महिन्याला ८ कोटींहून जास्त माणसं तो खेळत होती. पीक वेळेत काढलं नाही तर ते वाळून जायचं, म्हणून शहरातले सुशिक्षित लोक पहाटे तीनचा गजर लावून न लावलेली भेंडी तोडायला उठत. त्या काळी आमच्याकडं रात्री तीनला उठायचं कारण वेगळं होतं. कृषिपंपाची लाइन तेव्हा यायची.

तर, खेळातला कापूस. पेरणी यंत्रानं, वेचणी यंत्रानं, आणि शेवटी यंत्राच्या पोटातून कापसाचा गठ्ठा बाहेर पडतो, बैलगाडीपेक्षा मोठा. मजूर नाही, वेचणीचा किलोमागं दर नाही. पोट्ट्यानं सगळं समजावून सांगितलं. काकांनी अतिशय शांतपणे एकच प्रश्न विचारला, "आन् बोंडअई कोनत्या लेवलले येते?"

येतच नाही! मी घरी येऊन खात्री केली. २०१८ च्या त्या आवृत्तीत तण उगवतं, ते काढावं लागतं. अळी नाही. २०१७ चा आमचा हंगाम गुलाबी बोंडअळीनं आतून खाऊन टाकला होता. बोंड वरून धडधाकट, उकललं की किडकं. स्वित्झर्लंडमध्ये कापूस पिकत नाही, त्यांना कुणी सांगितलं नसेल.

आणखी एक गोष्ट घरी आल्यावर कळली, ती काकांना सांगायची राहून गेली. संगणकावर हा खेळ सुरू करताना 'आर्थिक अडचण' किती हवी ते निवडता येतं. सोपं, मध्यम, अवघड. सोपं निवडलं की शेतमालाचा भाव जास्त मिळतो. आमच्याकडं ही सेटिंग आहे, पण बटण दिल्लीत. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला. ओलावा, प्रत, नोंदणी हे त्यातले पुढचे लेवल.

"मले दे बरं," काका म्हणाले.

पोट्ट्यानं मोबाइल दिला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. आधी यंत्र बांधावर गेलं, मग विहिरीसारख्या कशात तरी अडकलं, मग सरळ लागलं. मूर्तिजापूर आलं. उतरणारे उतरले, एक पोरगं काकडीच्या फोडी विकून गेलं. काकांनी वर पाहिलं नाही. मी त्यांच्या पायांकडं पाहत होतो. उजवी चप्पल एसटीच्या पत्र्यावर हलके हलके दाबली जात होती, वळण आलं की डावा पाय क्लच शोधत होता. अंगठे फोनवर आणि दोन्ही पाय शेतात.

एकदा तर धुऱ्याशी यंत्र वळवताना ते "हो, हो, हो" म्हणाले. बैलाला म्हणतात तसं.

या रस्त्याबद्दलही सांगण्यासारखं आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला, गिनीजमध्ये नोंद झाली. गेममध्ये बोट ओढून रस्ता काढावा तसा. त्यामुळं एसटी आता इथं सुसाट पळते आणि गावं भराभर मागं पडतात. म्हणजे गाव कधी आलं, कधी गेलं, ते खिडकीकडं बघत असलात तरच कळतं.

अकोल्याची वेस दिसायला लागली तशी कंडक्टर पुढून तिकिटांचा हिशेब जुळवत आला. काकांपाशी थांबला.

"काका, तुमचं तिकीट बोरगावचं होतं ना?"

"हाओ."

"थे गेलं ना माघं! मी दोनदा ओरडलो."

काकांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून. दुसऱ्या हाताचा अंगठा चालूच.

"आता जे काय वरचं तिकीट होते थे फाड बाप्पा," ते म्हणाले. "दोन तासं राह्यले. येवढा कापूस निघू दे."